मशीन घेण्याआधी व्होल्टेज मोजा



गटाच्या बैठकीत मसाला कांडप, शेवया मशीन, पापड मशीन किंवा पिठाची गिरणी घ्यायचा विषय निघाला की आपण बरेच प्रश्न विचारतो. किंमत किती? हप्ता किती? अनुदान बसतंय का? माल कुठं विकायचा? हे सगळं विचारायलाच हवं. पण एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो: जिथं मशीन ठेवणार, तिथं व्होल्टेज किती येतं?

हा प्रश्न महागात पडतो, कारण मिरचीचा सीझन आणि उसाला पाणी द्यायची घाई एकाच वेळी येते. फाल्गुन-चैत्रात घरोघरी मसाला करायचा असतो, कांडपापुढं रांग लागते. त्याच दिवसांत बारामती-इंदापूरच्या शिवारात विहिरीवरच्या, नदीवरच्या आणि उजनीच्या फुगवट्यावरच्या मोटारी चालू असतात. वस्तीवरचा बल्ब मिणमिणतो, पंखा रेंगाळतो. अशा वेळी मशीन रेटलं की मोटर जळते. कॉइल भरायला पैसे जातात, हातातला सीझन जातो, हप्ता मात्र दर महिन्याला येतोच.

हे टाळायला वायरमन व्हायची गरज नाही. तीन शब्द आणि एक गुणाकार समजला तरी पुरे.

व्होल्ट, अँपिअर, ओहम

घरावर पाण्याची टाकी असते. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर जास्त. विजेतला हा जोर म्हणजे व्होल्टेज, आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून दर मिनिटाला किती पाणी वाहतं, तसा तारेतून किती प्रवाह वाहतो ते अँपिअरमध्ये मोजतात. पाईप बारीक आणि लांब असेल तर पाणी अडखळतं. तारेतल्या अशा अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात.

ही नावं माणसांची आहेत. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी 1800 साली पहिली बॅटरी जगापुढं मांडली, त्यांच्यावरून व्होल्ट. फ्रान्सचे अँपिअर आणि जर्मनीचे ओहम हे त्यांच्यानंतरचे. दाब, प्रवाह आणि रोध यांचं नातं ओहम यांनी 1827 साली मांडलं. नववीतल्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक उघडून बघा, तिथं ओहमचा नियम आहे. आपण तो असा लक्षात ठेवू:

व्होल्ट = अँपिअर × ओहम.

एक गोष्ट ध्यानात घ्या. जोर नेहमी दोन ठिकाणांच्या फरकामुळं असतो. टाकी वर आणि नळ खाली, म्हणून पाणी येतं. विजेतही दोन तारांमधला फरक मोजतात. आपल्या घरात फेज आणि न्यूट्रल या दोन तारांमध्ये 230 व्होल्टचा फरक असायला हवा. चिमणी एकाच तारेवर दोन्ही पाय ठेवून बसते. तिच्या दोन पायांमध्ये फरकच नाही, म्हणून तिला शॉक बसत नाही. आपण मात्र जमिनीवर उभे राहून फेजला हात लावतो. तार आणि जमीन यांच्यात 230 व्होल्टचा फरक असतो, आणि त्या दोघांच्या मध्ये आपण असतो.

गिरणीचा पट्टा आणि सर्किट

टाकीचं उदाहरण इथं थोडं अपुरं पडतं. नळातून आलेलं पाणी परत टाकीत जावं लागत नाही. विजेला मात्र परतीची वाट लागते. त्यासाठी पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. पट्टा मोटरवरून जात्याकडं जातो आणि फिरून मोटरकडं येतो. पट्टा संपत नाही, झिजून पीठ होत नाही, तो फक्त मोटरची ताकद जात्यापर्यंत पोचवतो. आणि तो एका जागी तुटला की मोटर कितीही फिरो, जातं बंद.

विजेचं तसंच आहे. डीपीतून फेजच्या तारेनं निघायचं, मशीनमधून जायचं आणि न्यूट्रलनं परत डीपीकडं. ही पूर्ण फेरी म्हणजे सर्किट. स्विच बंद करणं म्हणजे पट्टा मुद्दाम एका जागी तोडणं. म्हणूनच स्विच फेजच्या तारेवर असला पाहिजे. तो चुकून न्यूट्रलवर बसवला तर बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो. बल्ब बदलताना शॉक बसतो तो अशाच ठिकाणी.

फेरी करायच्या दोन पद्धती आहेत. गणपतीची जुनी माळ आठवा. त्यात बल्ब एकामागं एक, एकाच वाटेवर असतात. 6 व्होल्टचे 38 बल्ब असे जोडले की 228 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. एक बल्ब गेला की वाट तुटते आणि ती अख्खी रांग विझते. घरातली जोडणी अशी नसते. घरात प्रत्येक बल्ब, पंखा आणि मिक्सर फेज-न्यूट्रलमध्ये स्वतंत्र जोडलेला असतो. प्रत्येकाला पूर्ण 230 व्होल्ट मिळतात, एक बंद झाला तरी दुसरा चालू राहतो.

पण याचा दुसरा अर्थही बघा. सगळ्यांचा प्रवाह मीटरपासून येणाऱ्या एकाच तारेतून येतो, म्हणजे अँपिअरची बेरीज होते. 1500 वॉटचा हीटर आणि 1000 वॉटची इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली तर 2500 भागिले 230, म्हणजे सुमारे 11 अँपिअर. बोर्ड 6 अँपिअरचा असेल तर तो वितळणारच.

हा भागाकार कुठून आला? वॉट = व्होल्ट × अँपिअर. वॉट म्हणजे काम करायची ताकद. एक एचपी म्हणजे 746 वॉट. आणि 1000 वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट पडतं.

टेलला पाणी का पोचत नाही

नीरा डावा कालवा आपल्या भागाला 1885 पासून पाणी देतोय. कालव्याचं दुखणं आपल्याला कुणी शिकवायला नको. हेडला पाणी भरपूर, टेलला नुसती ओल. वाटेत जितके उचलणारे जास्त, तितकं टेलचं हाल जास्त.

विजेच्या लाईनलाही हेड आणि टेल असतं. उपकेंद्रातून 11 हजार किंवा 22 हजार व्होल्टनं लाईन निघते. दाब एवढा मोठा ठेवतात, कारण मग तेवढीच ताकद कमी अँपिअरमध्ये नेता येते आणि वाटेत कमी वाया जाते. गावात डीपी तो दाब उतरवते. एका फेजला 230 आणि दोन फेजमध्ये सुमारे 415 व्होल्ट. डीपीच्या शेजारचं घर म्हणजे हेड. शेवटच्या खांबावरून लांब वायर ओढून घेतलेली वस्ती म्हणजे टेल.

प्रत्येक मीटर तारेत थोडा रोध असतो. त्यातून प्रवाह गेला की थोडा दाब वाटेतच खर्च होतो. किती? ओहमचा नियम लावा. समजा मीटरपासून शेड 50 मीटर लांब आहे. जायची एक आणि यायची एक, म्हणजे 100 मीटर तार. 1 एमएम तांब्याच्या 100 मीटर तारेचा रोध सुमारे 1.8 ओहम असतो. दोन एचपीची सिंगल फेज मोटर भरावर साधारण 11 अँपिअर घेते. 11 × 1.8 = सुमारे 20 व्होल्ट. म्हणजे मीटरला 225 असतील तर मशीनला 205 पोचणार. 4 एमएमची तार टाकली तर रोध 0.46 ओहम, आणि दाब घटतो फक्त 5 व्होल्ट.

आणि हे मोटर फिरत असतानाचं झालं. जागची उठताना मोटर क्षणभर पाच-सहा पट प्रवाह मागते. बारीक तारेतून तेवढा प्रवाह मिळतच नाही, दाब वाटेतच संपतो. मोटर उठत नाही, नुसती घुं घुं करते. अशा वेळी "अजून जरा वाट बघू" म्हणू नका. लगेच स्विच बंद करा. त्या काही सेकंदांतच कॉइल जळते.

म्हणून मशीनला लाखभर रुपये घालून वायरीत दोन हजार वाचवणं परवडत नाही. शेड लांब असेल तर जाड तार हा मशीनच्या किमतीचाच भाग धरा.

व्होल्टेज कमी, तरी मोटर तापते कशी?

हा प्रश्न हमखास येतो. दाब कमी म्हणजे वीज कमी, मग मोटर थंड राहायला नको का?

जुना पिवळा बल्ब असता तर बरोबर. दाब कमी झाला की तो मंद होतो, बिघडत काही नाही. मोटरचं तसं नाही. तिच्यावर मिरची कुटायचं काम आहे, आणि दाब कमी झाला म्हणून मिरची मऊ होत नाही. तेवढंच काम करायला मोटर जास्त अँपिअर ओढते. 230 व्होल्टला 11 अँपिअर घेणारी मोटर 180 व्होल्टला सुमारे 14 घ्यायला लागते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. 11 चे 14 झाले की उष्णता दीडपटीहून जास्त होते. शिवाय मोटरची ओढण्याची ताकदही दाबाबरोबर झपाट्यानं घटते. 180 व्होल्टला ती सुमारे साठ टक्केच उरते. म्हणजे ताकद कमी, ताप जास्त. आधी वास येतो, मग धूर.

स्टॅबिलायझर लावला की झालं, असं दुकानदार सांगतो. स्टॅबिलायझर दाब चढवतो हे खरं, पण तो वीज तयार करत नाही. चढवलेल्या दाबाची भरपाई तो लाईनमधून जास्त अँपिअर ओढून करतो. तुमची तार बारीक असेल तर त्यानं तारेवरचा भार आणखी वाढतो. म्हणून आधी तार, मग स्टॅबिलायझर, आणि तोही मोटरच्या सुरुवातीचा झटका पेलेल एवढा मोठा.

एक सोपी सवय लावा. मशीन नेहमी रिकामं चालू करा. वेग पकडला की मगच मिरची, डाळ किंवा गहू टाका.

फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. ओल्या अंगाचा रोध सुमारे 1000 ओहमपर्यंत खाली येतो. 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपिअर. हा प्रवाह जीव घ्यायला पुरेसा आहे. पण आपल्या बोर्डातला फ्यूज 6, 10 किंवा 16 अँपिअरचा असतो. 0.23 अँपिअरनं तो उडणारच नाही. माणूस चिकटून राहील आणि फ्यूज शाबूत असेल. साध्या एमसीबीचंही तेच. फ्यूज आणि एमसीबी तारेला आगीपासून वाचवतात.

माणसाला वाचवायला दोन गोष्टी लागतात. पहिली अर्थिंग. थ्री पिनची वरची जाड पिन ती हीच. ती लांब असते, म्हणून प्लग घालताना आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. मशीनच्या पत्र्यावर वीज उतरली तर अर्थिंग तिला जमिनीत वाट देते. ती पिन कापून टू पिनमध्ये प्लग घालणं म्हणजे ती वाट बुजवणं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असतो, पण तो कोरडा पडला की उपयोग घटतो. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला कळशीभर पाणी ओता.

दुसरी गोष्ट म्हणजे ईएलसीबी, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात. फेजनं गेलेला प्रवाह न्यूट्रलनं पूर्ण परत येतोय का, हे तो सतत पाहतो. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे एका एलईडी बल्बला लागतो त्याहून कमी प्रवाह वाटेत कुठं गळाला, की क्षणात लाईट तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा, बैठकीच्या तारखेला म्हणा हवं तर, ते दाबून बघा. खटका पडला तर तो चालू आहे.

आणखी चार गोष्टी घरात सगळ्यांना सांगा:

- कपडे वाळत घालायची तार विजेच्या खांबाला, मीटरच्या पेटीजवळ किंवा पत्र्याच्या शेडला बांधू नका. दोरी वापरा.
- फ्यूज उडाला म्हणून किटकॅटमध्ये जाड तार भरू नका. उडणं हेच त्याचं काम आहे.
- बल्ब अचानक प्रखर झाला किंवा एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत भगभगीत झाला, तर न्यूट्रल तुटल्याची शंका घ्या. मेन स्विच लगेच बंद करा.
- कुणाला शॉक बसला तर हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं तार बाजूला करा, आणि 108 ला फोन करा. तुटून पडलेल्या मोठ्या लाईनजवळ मात्र लाकूड घेऊनही जाऊ नका.

सात दिवसांची वही

आता मूळ कामाकडं. मशीनचं कोटेशन आणण्याआधी हे करा.

प्लगमध्ये लावायचा छोटा आकड्यांचा व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ग्रामसंघानं एक घेतला तर सगळ्या गटांना फिरवता येईल. टेस्टरनं हे काम होत नाही. टेस्टर फक्त फेज आहे की नाही ते दाखवतो. व्होल्टेज 230 असो की 150, तो पेटतोच.

मशीन जिथं ठेवणार त्याच जागी सात दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आकडा लिहा. शेतीच्या थ्री फेजची पाळी कधी होती तेही लिहा. प्रत्येक वेळी दोन आकडे घ्या: एक काही चालू नसताना, दुसरा त्याच बोर्डावर इस्त्री चालू करून.

ही वही काय सांगते? इस्त्री लावल्यावर 228 चे 224 झाले तर तार ठीक आहे. 228 चे 210 झाले तर वाटेत कुठंतरी दाब खर्च होतोय. मग वायरमनला मीटरपाशी मोजायला सांगा. मीटरला ठीक आणि शेडला कमी असेल तर दोष आपल्या वायरीत किंवा सैल जोडात आहे, आणि तो आपणच दुरुस्त करायचा. मीटरलाच कमी असेल तर तो महावितरणचा विषय. नियमानं घरगुती लाईनचं व्होल्टेज 230 च्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण 216 ते 244 च्या आत असायला हवं. 1912 वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि शाखा कार्यालयात अर्जाला वहीतल्या आकड्यांची नक्कल जोडा. "लाईट डीम असते" या तोंडी तक्रारीपेक्षा सात दिवसांचे बेचाळीस आकडे आणि गटाच्या दहा सह्या यांना जास्त वजन असतं. तिथं काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

थोडं काम आपल्या घरातही आहे. लाईट आली की शेतातल्या सगळ्या मोटारी ऑटोस्विचनं एकदम उठतात आणि डीपीवर एकाच वेळी पाच-सहापट भार येतो. ऑटोस्विच काढा आणि पंपाला योग्य कॅपॅसिटर बसवा, हे महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय. आकडे टाकून घेतलेली वीज पण त्याच डीपीवरून जाते आणि शेजारणीच्याच मशीनचा दाब खाते. हा विषय महिला सभेत काढता येतो.

कर्जाच्या ठरावाआधी विचारायचे प्रश्न

1. मशीनची मोटर किती एचपी? सिंगल फेज की थ्री फेज? पाटीवर किती अँपिअर लिहिलेत?
2. आपल्या वीजबिलावर मंजूर भार किती आहे? मशीन धरून तो पुरतो का? धंद्यासाठी कोणता दर लागेल, हे शाखा कार्यालयात विचारलं का?
3. मीटरपासून मशीनपर्यंत किती मीटर? तार किती एमएमची? तिचा खर्च कर्जात धरला का?
4. अर्थिंग आणि आरसीसीबी आहे का? नसेल तर तो खर्च धरला का?
5. सात दिवसांच्या वहीत सगळ्यात कमी आकडा कोणता?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर 200 च्या खाली असेल तर मशीन नको म्हणायचं असं नाही. जागा बदलता येते, तार बदलता येते, कमी एचपीचं मशीन घेता येतं, नाहीतर व्होल्टेज बरं असेल ती वेळ कांडपाला ठरवता येते. पण हा निर्णय पैसे देण्याआधी व्हायला हवा. सचिव ताईंनी हे पाच प्रश्न ठराव वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवावेत, आणि उत्तरं लिहून झाल्यावरच सह्या घ्याव्यात.